रस उकळीआधी निवळावा

पिवळाधमक गूळ म्हणजे स्वच्छ गूळ, हा समज आमच्या घरात एका पावसाळ्यापर्यंत टिकला. ऊस आपला, गुऱ्हाळ भाड्याचं आणि गुळव्या गुऱ्हाळवाल्याचा, ही आमच्या करवीर तालुक्यातली नेहमीची रीत. त्या हंगामात रवे असे देखणे निघाले की सौद्यात दर चढाच लागला. घरच्यासाठी ठेवलेले रवे मात्र मृगाचा पाऊस लागताच काळवंडले आणि आषाढात पाझरायला लागले. पाण्यात विरघळवून बघितला तर पेल्याच्या तळाला बोटभर गाळ. रस निवळलाच नव्हता. हायड्रॉस पावडर टाकून नुसता रंग उडवला होता.

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंगावर काम करतं, घाणीवर नाही. माती, उसावरचं मेण, प्रथिनं, चिपाडाचे बारीक कण रसात तसेच राहतात, आणि हवा लागली की उडालेला रंगही हळूहळू परततो. गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत 70 भागांपेक्षा जास्त नसावा, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. काहिलीत अंदाजाने मूठ टाकणाऱ्याला हा हिशेब कुठून लागणार? शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवल्यापासून कोल्हापूरच्या गुळाचं नाव झालं, पुढे त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते नाव पावडरीवर टिकणार नाही.

तेव्हा गुऱ्हाळावर ऊस नेणाऱ्यांनी एवढं सांभाळावं.

सुरुवात फडातच होते. ऊस तोडला की मुळं, माती, पाचट आणि वाढ्याकडचा भाग काढून टाका. उंदरानं खाल्लेला, लोळलेला, कोंब फुटलेला ऊस मोळीत नको. 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या फडांत पानांच्या बेचक्यात गाळ बसला होता. असा ऊस धुतल्याशिवाय घाण्याला लावू नये, आणि धुतला तरी त्याच्याकडून पहिल्या प्रतीच्या गुळाची आशा धरू नये. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळा. शिळ्या उसातली साखर फुटते, मग रस कितीही निवळा, रवा घट्ट बसत नाही.

रस कापडातून गाळून काहिलीत आला की खरी परीक्षा. ताजा रस आंबट असतो, त्याचा सामू साधारण सव्वापाच. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत तो सहाच्या जरा वर आणायचा. बाजारात सामू बघायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या खिशात ठेवा. चुना जास्त झाला तर गूळ काळपट आणि खारट होतो.

आता भेंडी. रानभेंडीची हिरवी खोडं दगडावर ठेचून पाण्यात भिजवायची आणि हातानं चोळायची. पाण्याला तार धरली, बोटांतून ते लोंबायला लागलं की गाळून रसात ओतायचं. युरोपात बिअर निवळायला माशाच्या फुग्याचा सरस वापरत आले आहेत. तो कण धरून तळाला बसतो, आपली भेंडी तीच घाण धरून वर आणते. पण त्यासाठी जाळ मंद हवा. रस तापत 80-85 अंशांवर येतो तेव्हा काळपट हिरव्या मळीची जाड साय धरते, कडेला तिला चिरा पडतात. हीच वेळ. लांब दांड्याच्या चाळणीनं कडेकडेनं ती ओढून काढायची. जाळ घालणाऱ्यानं घाई केली आणि खळखळून उकळी फुटली, तर साय मोडून परत रसात मिसळते, मग ती कोणाच्या बापाला काढता येत नाही. मागून येणारी हलकी मळीही सोडू नका.

मळी संपली की पळीभर रस स्टीलच्या वाटीत घ्या. वाटीचा तळ स्वच्छ दिसला तरच जाळ वाढवायला सांगा. नंतर फेस उतू येतो, त्याला थोडं शेंगतेल पुरतं. 118 अंशांच्या आसपास काहील उतरवायची.

असा गूळ तांबूस-सोनेरी होतो. गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळा लागतो, त्यामुळे सौद्यात तुमच्या रव्याला दर थोडा कमी पडेल, हे आधीच गृहीत धरा. घरच्यांसाठी, ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी काढायची आदणं वेगळी ठेवा आणि तसं गुळव्याशी घाणा सुरू होण्याआधी ठरवा. काहील तापल्यावर तो तुमचं ऐकत नसतो. त्याची मजुरी रंगावर नको, रव्यावर ठरवा. भेंडी, चुना, पट्ट्या आपल्या घरून न्या, म्हणजे 'सामान नव्हतं म्हणून पावडर टाकली' ही सबब उरत नाही.

आणि प्रत्येक गुऱ्हाळावरचा एक किलोचा एक रवा तारीख घालून फडताळात ठेवा. श्रावणात तो फोडून बघा, तुकडा पाण्यात विरघळवा. पुढच्या हंगामात ऊस कुठं न्यायचा, हे त्यावरून ठरवा.