शिवणयंत्राचा पाय



आमच्या घरी पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे. आई त्यावर गावातल्या बायकांचे ब्लाउज, परकर आणि आपल्या शाळेचे गणवेश शिवते. यंत्र म्हटले की सगळे सुईकडे बघतात. पण सुईच्या दोन्ही बाजूंनी कापड दाबून धरणारा एक छोटा लोखंडी पाय असतो, त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याला प्रेशर फूट म्हणतात. आई नुसते फूट म्हणते. (हा बारा इंचांचा फूट नव्हे!)

फुटाला पुढे दोन बोटे असतात. मधल्या फटीतून सुई खालीवर होते. खालच्या पट्टीतून लोखंडी दाते वर येतात व कापड मागे सरकवतात. पण वरून दाबणारे कुणी नसेल तर दात्यांना कापड नीट धरता येत नाही. ते दाबायचे काम फूट करतो. सुई वर जाताना कापडालाही वर ओढू पाहते, तेही तो होऊ देत नाही.

फुटाच्या मागे एक खटका असतो. तो वर केला की फूट उचलला जातो, आणि त्याच वेळी दोऱ्याचा ताणही सुटतो. दोरा ज्या दोन चकत्यांमधून येतो, त्या सैल पडतात. कापड काढताना दोरा सहज यावा म्हणून ही सोय. हे मला ठाऊक नव्हते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंचा लग्नात घालायचा ब्लाउज आईने कापून ठेवला होता. आई पाण्याला गेली. मला वाटले, बाहीची दुमड शिवून ठेवू, आई खूश होईल. फूट खाली टाकायचा राहिला. चार-पाच पायडल मारले तोच खाली दोऱ्याचा हा गुंता! मी तो ओढला आणि बाहीला भोक पडले. कापड साडीतलेच, दुसरे मिळणार नव्हते. आई रागावली नाही, नुसती बसून राहिली. ते मला जास्त लागले. मग ती काकूंना खरे ते सांगून आली. बाही दोन बोटे आखूड केली आणि शिलाईचे पैसे घेतले नाहीत.

पूर्वी असा फूट सर्व यंत्रांना नव्हता. अमेरिकेत १८४६ साली एलियस हौ यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्यात कापड एका पट्टीच्या टाचण्यांना उभे अडकवत. पट्टीएवढी सरळ शिवण झाली की थांबायचे आणि कापड पुन्हा अडकवायचे. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी पेटंट घेतलेल्या यंत्रात कापड आडवे ठेवत, सुई उभी चाले आणि वरून फूट दाबे. त्यामुळे कापड हवे तसे वळवता येऊ लागले. आपणही खिशाच्या कोपऱ्यावर तेच करतो. सुई कापडात रुतलेली ठेवायची, फूट उचलायचा, कापड फिरवायचे, फूट खाली टाकायचा.

चेन लावायला आईकडे एकाच बोटाचा फूट आहे. त्यामुळे सुई चेनच्या दात्यांच्या अगदी जवळून जाते. रुमालाची कड दुमडायच्या फुटाला पुढे गोगलगायीसारखे वेटोळे असते. त्यात कड घातली की आपोआप वळते. दप्तराचा पट्टा शिवताना जाड जागी फूट नाक वर करतो व टाके बारीक पडतात. तेव्हा त्याच्या टाचेखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवावी, म्हणजे तो सपाट बसतो. नवा फूट आणायला जाताना जुना बरोबर न्यावा, सर्व यंत्रांची दांडी एका उंचीची नसते. आणि कापड नसताना फूट टाकून यंत्र चालवू नये. दाते फुटाचा तळ खरवडतात.

मुलगा असून मशीनवर काय बसतोस, असे काही जण मला म्हणतात. आपल्या बाजारातले सगळे शिंपी पुरुषच आहेत, हे ते विसरतात.

आईचे तिन्ही फूट दोऱ्याला बांधून या फळ्याखाली टांगले आहेत. हात लावून पाहा. पण शाळा सुटली की मला ते परत न्यायचे आहेत, दोन फ्रॉकच्या चेन बसवायच्या राहिल्यात.