फजिती

लग्नाची पंगत बसली आहे. शेजारचा माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. तो विचारतो, "काय जी भाऊ, पोरं बरी हायेत ना?" आपण म्हणतो, "हो. अन् तुमची?" तो म्हणतो, "माह्यं लगन कुठं झालं अजून!" मग बुंदी काही घशाखाली उतरत नाही.

हिंगण्याहून नागपूर काही लांब नाही. पण बर्डीला उतरून बँकेत शिरले, की पाय जड होतात. बाबू फॉर्म पुढे करतो. आपण म्हणतो, "चष्मा घरी राहिला." चष्मा तर आपल्याला कधी लागलेलाच नसतो! बाबू भला असतो. तो आपलाच चष्मा काढून देतो. "घ्या, हा लावून पाहा." आता काय करता?

अशा फजितीच्या गोष्टी चि. वि. जोशी यांनी लिहिल्या. त्यांचा जन्म १८९२ चा, मृत्यू १९६३ चा. बडोद्याला ते पाली भाषा शिकवीत. मोठे विद्वान गृहस्थ! पण लोकांनी डोक्यावर घेतला तो त्यांचा चिमणराव. 'चिमणरावाचे चऱ्हाट' हे पुस्तक १९३३ साली निघाले. चिमणराव पुण्याचा कारकून. भिडस्त अन् भित्रा. त्याच्या नात्यातला गुंड्याभाऊ मात्र धट्टाकट्टा. चिमणराव झाकायला जातो अन् जास्त उघडा पडतो, अगदी आपल्या चष्म्यासारखा. आणि हे सारे तो आपल्याच तोंडाने सांगतो. म्हणून आपण त्याला हसतो, पण त्याचा राग येत नाही.

पण लोक खरेच आपल्याकडे इतके पाहतात काय? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथल्या पंडितांनी २००० साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला सदरा घालायला लावला. मग त्यांना इतर मुलांच्या खोलीत पाठवले. त्यांना वाटले, निम्म्या मुलांनी तरी चित्र ओळखले असेल. खरे पाहता सुमारे पाव मुलांनीच ओळखले. म्हणजे भीती आठ आण्यांची, निघाले चार आणे!

चष्मेवाल्या गृहस्थांनी एवढेच म्हणावे, "बाबूजी, मी आता वाचायला शिकतो आहे. कुठे काय लिहू ते सांगा." एखादा बाबू तोंड वाकडे करील. करू द्या. मागच्या रांगेला आपापली घाई असते.

आता पाटी घ्या. नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहा. सही करा. मग आपली एक फजिती चार ओळींत लिहून शेजाऱ्याला वाचून दाखवा. काना-मात्रा चुकली तरी चालेल.