जबाबदारीचे ओझे आणि मनावरील ताण

कार्यालयातील ताणाचा विषय निघाला, की फायलींचा ढीग आणि अपुरा कर्मचारीवर्ग यांचा उल्लेख प्रथम होतो. तो अनाठायी नाही. परंतु केवळ काम अधिक असल्याने माणूस खचतो असे नव्हे. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार मात्र तोकडा, अशा स्थितीत ताण सर्वाधिक वाढतो, असे प्रतिपादन अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये केले. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वनरक्षकाचे काम पाहिले म्हणजे या विचाराचा अर्थ ध्यानात येतो.

ऊस, बिबट्या आणि वनरक्षक

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आदी धरणांच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला. त्या दाट उसात बिबट्याला आसरा मिळाला. वस्तीवर हल्ला झाला, की शोकाकुल व संतप्त ग्रामस्थ प्रथम वनरक्षकालाच जाब विचारतात. बिबट्याला आजच पकडून न्या, ही त्यांची मागणी असते. त्यांचे दुःख खरे असते. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्या पकडण्याची परवानगी वरिष्ठ स्तरावरून मिळावी लागते. जाब एकाला आणि अधिकार दुसऱ्याला, असा हा पेच आहे. ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांनाही तो अपरिचित नाही.

घाईच्या उपायाचा धडा

ताणलेल्या मनाला प्रश्न दृष्टीआड करणे हाच उपाय वाटू लागतो. या शतकाच्या आरंभी जुन्नर परिसरातील अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. मात्र अशा स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढल्याचे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणूनच कर्मचाऱ्याला शांतपणे विचार करता येणे ही केवळ त्याच्या सुखाची बाब नसून लोकांच्या सुरक्षिततेची बाब होय.

कार्यालयाने काय करावे?

(१) घटनास्थळी कर्मचाऱ्याने कोणते निर्णय स्वतः घ्यावेत आणि कोणते आश्वासन देऊ नये, हे लेखी स्पष्ट करावे.

(२) जमावासमोर त्याला एकटे पाठवू नये. सरपंच व पोलीस पाटील यांना आधी कळवावे.

(३) एकच माहिती अनेक वरिष्ठांनी दूरध्वनीवरून मागवू नये. त्यासाठी एक अधिकारी नेमावा.

(४) रात्रभराच्या कामानंतर विश्रांती द्यावी. झालेल्या प्रसंगाविषयी मोकळेपणाने बोलू द्यावे. चौकशी त्यानंतर करावी.

(५) कायद्याची मर्यादा आणि बंदिस्त गोठ्याची गरज शांततेच्या काळात ग्रामसभेत समजावून सांगावी. संकटसमयी ती कोणी ऐकून घेत नाही.

स्वतःकडेही लक्ष हवे

झोप न लागणे, विनाकारण चिडचिड होणे, कामाविषयी तिटकारा वाटणे ही लक्षणे दीर्घकाळ राहिल्यास ती दुर्बलता समजून लपवू नयेत. सहकाऱ्याशी बोलावे, वैद्यकीय सल्ला घ्यावा. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली.

तथापि सारा भार व्यक्तीच्या मनोधैर्यावर टाकून कार्यालयाला मोकळे होता येणार नाही. कर्मचाऱ्यावर जबाबदारी सोपविताना ती पार पाडण्यापुरता अधिकार आणि पाठीशी वरिष्ठ उभे असल्याचा विश्वास त्याला मिळाला, तर निम्मा ताण तेथेच हलका होईल.