विडी वळणारे हात आणि कामगार संघटना



त्रिशरण-पंचशील झाले, पाठ संपला, की विहाराच्या ओट्यावर बायका थोडा वेळ बसतात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका गावी अशाच वेळी एका वृद्ध उपासिकेने मला विचारले, "चाळीस वर्षे बिड्या बांधल्या जी. आता डोळ्याने दिसत नाही. म्हणतात, कामगाराले पेन्शन भेटते. मंग मी कामगार नाही का?" मी विचारले, "आई, तुमचे कार्ड कुठे आहे?" ती म्हणाली, "कार्ड त सट्टेदाराजवळच राहते जी. अन् तो सट्टेदारही मेला."

आजचा पाठ ह्या आईच्या प्रश्नावर आहे. ती कामगार आहे की नाही? आणि असेल, तर चाळीस वर्षांत तिला तसे कोणी कां सांगितले नाही?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत परमपूज्य बाबासाहेब ज्या भंडाऱ्यातून उभे होते आणि पराभूत झाले, तोच हा मुलूख. येथे धान पिकते, पण ते बहुतेक एकाच हंगामात. धान घरात आले की हात रिकामे. जंगलात तेंदूची पाने मुबलक, आणि माल बाहेर न्यायला रेल्वे. रिकामे हात, पाने आणि रेल्वे ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि येथे विडीचा धंदा रुजला. कारखानदार गोंदियात, आणि विडी वळणारी बाई खेड्यातल्या ओसरीवर. दोघांच्या मध्ये सट्टेदार. तो पाने, तंबाखू आणि दोरा देतो, वळलेल्या विड्या मोजून घेतो आणि हजारी दराने पैसे देतो.

ह्या व्यवस्थेत पिळवणूक कोठे होते हे विडी वळणाऱ्या कुटुंबाला शिकवायला नको. हजार विड्यांसाठी म्हणून दिलेली पाने हजाराला पुरत नाहीत. निम्मी फाटकी असतात, आणि कमी पडलेली पाने बाईने स्वतःच्या पैशाने आणायची. मग विड्या नेऊन दिल्या की त्यातून 'छाट' काढायची. ही जाड, ती बारीक, हिचे तोंड नीट मुडपले नाही. छाट काढलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत, आणि विडीही परत मिळत नाही. ती छाट शेवटी कोणाच्या खिशात जाते हे गावात सर्वांना ठाऊक असते.

मुंबईच्या गिरणीत वा रेल्वेच्या कारखान्यात हजार माणसे एका भोंग्याला आत जातात. ती एकमेकांना पाहतात, एकमेकांचा पगार जाणतात. विडीवाली बाई एकटी असते. शेजारणीला छाट किती लागली हे तिला कळत नाही. उलट शेजारीण आपले काम नेईल ही भीती असते. संप करावा म्हटले तर सट्टेदार पानांचे पोते उचलतो आणि पुढच्या गावी उतरवतो. पलीकडे बालाघाट मध्य प्रदेशात, इकडे राजनांदगाव छत्तीसगडात. किमान वेतन प्रत्येक राज्याचे वेगळे. एका राज्याने कायदा कडक केला की धंदा दुसऱ्या राज्यात पळायचा. हा अनुभव देशभर आला, आणि म्हणूनच अखेर १९६६ साली संसदेला संबंध देशासाठी विडी व सिगार कामगारांचा कायदा करावा लागला. घरी बसून काम करणारी बाईदेखील कामगारच होय, हे त्या कायद्याने स्पष्ट केले. मालक मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७७ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा विडी धंद्याला लागू झाला. त्यावरही मालकांनी वाद घातला की घरी विड्या वळणारी आमची नोकरच नव्हे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हाही वाद फेटाळला.

तेव्हा त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, होय, आई, तुम्ही कामगार आहात आणि कायद्याने कधीच्याच आहात. पण कायदा कागदावर होता आणि तुमचा कागद सट्टेदाराजवळ होता.

आता कोणी म्हणेल, हे युनियनचे राजकारण धम्माच्या पाक्षिकात कशाला? बाबासाहेबांनी ह्या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. १९३६ साली त्यांनी पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. आपल्या विदर्भात त्या पक्षाचे काम उभे करणारे कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांतच काम करीत. सट्टेदाराला मधून काढून टाकण्यासाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर विडीचे काम चालू केले होते. १९३७ साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द त्यांनी रूढ केला एवढे आपल्या मुलांना ठाऊक असते. तेच बाबू हरदास विडीवाल्यांचे पुढारी होते, हेही मुलांना सांगा.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी तेथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ह्यांचा नकार, आणि तो कोणत्याही जातीत असू शकतो, हेही त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तेथे विटाळ होतो. मुंबईच्या गिरण्यांत तीच गोष्ट. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तेथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कां, तर कांडीवरचा धागा तोंडाने ओढावा लागतो. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हेच विचारले होते की मालकाकडे हक्क मागता, तर आपल्याच कामगार भावाला हा हक्क द्या, आणि त्याचा मागण्यांत समावेश करा.

हा प्रश्न आज गोंदियातही जुना झालेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले आहे. येथे विडी वळणारी बौद्ध आहे, गोंड आहे, तेली, ढिवर, कुणबी, पोवारही आहे. छाट सर्वांचीच निघते. पण बैठक बोलावली आणि ती विहारात ठेवली, की आपल्याच बायका येतात. देवळात ठेवली तर आपल्या जात नाहीत. मला येथे स्पष्ट बोलू द्या. विहार आपल्याला प्राणाहून प्रिय आहे, परंतु युनियनची बैठक विहारात भरवू नका. शाळेच्या पडवीत, ग्रामपंचायतीत, नाहीतर गावाबाहेरच्या झाडाखाली भरवा. ज्या संघटनेत गावची अर्धी विडीवाली नाही, तिला सट्टेदार दोन दिवसांत मोडतो. आपण ज्या अपमानातून बाहेर आलो तो दुसऱ्या बाईला, मग ती गोंडीण असो की आणखी कोणी, आपल्या ओट्यावर सोसावा लागू नये हेही त्यात आलेच.

संघटना चालवायची कशी, हे शिकायला आपल्याला परक्याच्या दारी जायची गरज नाही. महापरिनिब्बान सुत्तात वज्जी लोकांची गोष्ट येते. मगधाच्या राजाला त्यांच्यावर स्वारी करायची होती. त्याचा मंत्री तथागतांकडे आला. तथागतांनी आनंदाला विचारले, वज्जी वारंवार एकत्र जमतात का? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कार्य करतात का? असे सात प्रश्न आहेत. जोवर ह्यांचे उत्तर होय असे आहे, तोवर वज्जींची भरभराटच होईल, ऱ्हास होणार नाही. पुढे हेच नियम त्यांनी भिक्षुसंघालाही लावून दिले. संघात ठराव मांडण्याची रीत होती, मत घेण्यासाठी शलाका वाटीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ह्याच गोष्टीचा दाखला दिला होता. तेव्हा युनियनचा हिशेब बैठकीत वाचून दाखवा, ठराव वहीत लिहा आणि पुढारी निवडताना प्रत्येकीचे मत घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ युनियन मालकाने मोडलेल्या नाहीत. पावतीबुकाचा हिशेब न देणाऱ्या पुढाऱ्याने त्या मोडल्या आहेत.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. तथागत वेतनाला उपकार म्हणत नाहीत. ते मालकाचे कर्तव्य ठरवतात. कामगाराचीही पाच कर्तव्ये त्यात आहेत. काम चांगले करावे हे त्यातलेच एक, म्हणून मुद्दाम खराब विडी वळून सट्टेदाराचा सूड उगवू नये.

एक अवघड प्रश्न राहतो, तो मी टाळणार नाही. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात मद्याचा आणि विषाचा व्यापार आहे. तंबाखू हे विषच ना? मग विडी वळणे सम्यक आजीविका कशी? माझे मत असे की, जिच्यापुढे दुसरी वाट ठेवलीच नाही त्या बाईला शील शिकवायला जाऊ नये. पण हा धंदा चांगला आहे असेही म्हणू नये. ती दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेते, आणि पोरगी शाळा सोडून आईशेजारी सूप घेऊन बसते. विडीचा खप घटत आहे आणि तो घटावा हेच बरे. म्हणून विडी कामगारांच्या संघटनेने दराबरोबर बाहेर पडण्याच्या वाटेचाही विचार केला पाहिजे.

तशी वाट काही ठिकाणी निघाली आहे. केरळात कण्णूरकडे १९६६ चा कायदा लागू होताच मालकांनी कारखाने बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. १९६९ साली त्यांनी दिनेश विडी ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली. विडीचा खप घसरू लागल्यावर त्याच संस्थेने मसाले, छत्र्या असे दुसरे धंदे काढले. आपल्या सोलापुरात विडी कामगार स्त्रियांनी युनियनच्या बळावर घरे मिळवली. कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. त्याच कुंभारीत २०२४ च्या जानेवारीत रे नगरची पंधरा हजार घरे तयार झाली. त्यांत विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार आणि कचरा वेचणारेही आहेत. अहमदाबादेत १९७२ साली 'सेवा' ही संघटना निघाली तेव्हा नोंदणी करायला सरकारी अधिकारी तयार नव्हते; तुमचा मालक कोण, असे ते विचारीत. मालक नसला तरी कामगारांनी एकमेकांसाठी एकत्र यायचे असते, असे त्या बायांनी उत्तर दिले आणि नोंदणी मिळवली. ह्याउलट मुंबईचा गिरणी संप पाहा. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांच्या धैर्याला तोड नाही; पण गिरण्या मोडल्या आणि संप रीतसर मागे घ्यायलाही कोणी उरले नाही. संख्या आणि धैर्य असूनही असे होते, मग ओसरीवरच्या एकट्या बाईने केवळ संपावर भिस्त ठेवून कसे चालेल?

कायद्याचे नवे रूपही समजून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि विडी कामगारांचा १९६६ चा कायदा त्यांत विलीन झाले. संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत द्यावी लागते. एकाहून अधिक युनियन असतील तर जिच्याकडे एक्कावन्न टक्के कामगार तिच्याशी मालकाने बोलणी करायची. युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक असावे, ह्यासाठी बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४३ सालीच विधेयक आणले होते. १९४७ साली तसा कायदा मंजूर झाला, पण अंमलात कधी आलाच नाही. मान्यता आता आली आहे. परंतु एक्कावन्न टक्के कशाचे? मालकाच्या हजेरीपटावर जी नावे आहेत त्यांचे. जिचे नाव पटावर नाही ती बाई ना ह्या एक्कावन्नात, ना त्या एकोणपन्नासात. विड्यांवरचा कल्याण उपकरही २०१७ साली जीएसटीबरोबर गेला. १९७६ च्या कायद्याने तो दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी बसवला होता. आता त्या योजनांचा पैसा सरकारी अंदाजपत्रकातून यायचा, म्हणजे दरवर्षी मागायचा.

तेव्हा पहिली लढाई दराची नसून नावाची आहे. ओळखपत्र आणि कामाचे पुस्तक स्वतःच्या घरी ठेवा. सट्टेदार देत नसेल तर पाच जणी मिळून मागायला जा, एकटी जाऊ नका. ते हाती येईपर्यंत साधी शाळेची वही घ्या आणि रोज लिहा: तारीख, पाने किती मिळाली, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, छाट किती, पैसे किती. जिला लिहिता येत नाही तिची मुले लिहितील.

त्या आईच्या गावी आता सतरा घरांत अशी वही आहे. आईच्या स्वतःच्या निधीचे काम अजून झालेले नाही. जुना पुरावा शोधणे चालू आहे. तिच्या सुनेची वही सातवीतला नातू लिहितो. पहिल्या महिन्यात त्याने छाटेची बेरीज केली आणि ती आजीला मोठ्याने वाचून दाखवली. दुसऱ्या शनिवारी विड्या द्यायला सून गेली तेव्हा वही घेऊन तोही बरोबर गेला.