सुई टोचली तर ७२ तासांच्या आत

आपल्या वस्त्यांतील कितीतरी भाऊ-बहिणी सफाईच्या कामावर आहेत, कुणी दवाखान्यात वॉर्डात, कुणी कचरा वेचायला जातात. वापरलेली सुई टोचणे त्यांना नवे नाही. बहुतेक जण बोट चोखतात, चिंधी बांधतात आणि पुन्हा कामाला लागतात. एच.आय.व्ही. टाळणारे औषध आहे आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

टोचलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट तोंडात घालू नये, दाबून रक्त काढू नये, ब्लीच लावू नये. मग ड्युटी संपण्याची वाट न पाहता मुकादमाला सांगून सरकारी रुग्णालय गाठावे. रात्र असेल तर अपघात विभागात जावे. या औषधाला ‘पेप’ म्हणतात. पहिली गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम. ७२ तास उलटल्यावर ते सुरू करत नाहीत. शिरलेला विषाणू शरीरात ठाण मांडायला थोडा अवधी घेतो, तेवढ्यातच त्याला अडवायचे असते. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. मळमळले म्हणून मध्येच सोडू नयेत, डॉक्टरांना सांगावे. रक्ततपासणी सुरुवातीला होते, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावी. तोवर निरोध वापरावा, रक्तदान करू नये.

भीतीने घरात लपवण्याचे मात्र कारण नाही. बाधित रक्ताची सुई हजार जणांना टोचली तर सुमारे तिघांनाच लागण होते. कावीळ ‘ब’चा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे, तिची लस आधीच घेतलेली बरी.

‘तू ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही,’ असे कुणी म्हणाले तर २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याचे नाव घ्या. जिथे कामातून लागणीचा मोठा धोका आहे, तिथे काम करणाऱ्या सर्वांना पेप आणि हातमोज्यांसारखी संरक्षक साधने पुरवणे आस्थापनेवर बंधनकारक आहे. कायद्यात ‘कायम कामगार’ असा शब्द नाही.

बलात्कारपीडितेलाही हेच औषध त्याच मुदतीत मिळाले पाहिजे. पोलीस तक्रारीसाठी ते अडवता येत नाही.

जोडीदार बाधित असेल, धोका रोजचाच असेल, तर आधीपासून घ्यायची ‘प्रेप’ ही वेगळी गोळी आहे. ती तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावी. चौकशीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.