फेकणाऱ्या हाताची विश्रांती

रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर २१ जानेवारी २०२३ रोजी तेथील पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट सामना झाला. अशा मैदानाच्या सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकणारा क्षेत्ररक्षक ज्याने पाहिला आहे, त्याला बेसबॉलमधील ‘पिचर’चे काम निराळे समजावून सांगावयास नको. गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांहून अधिक सरळ करण्याची मुभा नसते. या दोघांना तो निर्बंध नाही. मागे ताणलेला हात पुढे झेपावू लागतो, त्या क्षणी कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर विलक्षण ताण पडतो. क्षेत्ररक्षक अशी लांब फेक सामन्यात मोजक्या वेळा करतो. पिचर ती शंभराच्या घरात करतो.

हा अस्थिबंध तुटला की पूर्वी खेळाडूची कारकीर्द संपे. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या उजव्या हातातील कंडरा काढून ती डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसविली. १९७५ चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळत राहिला.

शस्त्रक्रियेची कीर्ती झाली. त्या रिकाम्या वर्षाची मात्र फारशी झाली नाही. वास्तविक खरे काम त्या वर्षात होते. बसविलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा प्रथम तुटलेला असतो. तीत नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरतात, तंतूंची पुन्हा जुळणी होते, आणि मगच ती अस्थिबंधासारखी वागू लागते. वेदना मात्र त्याच्या पुष्कळ आधी थांबते. मुलगा म्हणतो, “आता दुखत नाही,” आणि नेमक्या याच वेळी त्याला आवरावे लागते.

सर्व शस्त्रक्रियांना एकच मुदत लागू नाही. नीरज चोप्रा या भालाफेकपटूच्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळविली. कंडरारोपणानंतर मात्र सामन्यात परतण्यास बहुधा बारा ते अठरा महिने लागतात.

फेकीचा पुनरारंभ साधारणतः चौदा मीटर अंतरावरून, दिवसाआड आणि मोजून केला जातो. वेदना वा सूज आली की एक पायरी मागे यावयाचे. निरोगी हातालाही अमेरिकेत मर्यादा आहे: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ हून अधिक फेकी करू नयेत, ७६ वा त्याहून अधिक झाल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून चार महिने पिचिंग बंद ठेवावे. शस्त्रक्रिया झालेल्या हाताचा आकडा याहून कमी असतो व तो शल्यचिकित्सक ठरवितो. सामन्यापूर्वीच्या सरावफेकी या मोजणीत धरीत नाहीत. हाताला मात्र त्या घडतातच. शाळेचा संघ, मोहल्ल्याचा संघ आणि घरामागचे अंगण यांची वही एकच असावी, व ती मुलाच्या हाती नसावी.

क्रिकेटच्या शिक्षकास एक सोपा उपाय आहे. परतलेल्या मुलास काही महिने सीमारेषेवर न ठेवता स्लिपमध्ये उभे करावे. तेथून लांब फेकीचा प्रसंग क्वचितच येतो.