छायाचित्रावर अभिप्राय कसा द्यावा व कसा घ्यावा

परिसर अभ्यासाच्या निमित्ताने आपल्या शाळांतील मुले आता छायाचित्रे काढू लागली आहेत. घरी वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा स्मार्टफोन असतो. शाळेत गुरुजींचा किंवा बाईंचा असतोच. ओढा, खळे, भाताची रोपे, म्हशींचा गोठा अशी चित्रे वर्गात येतात आणि ती पाहून आपण काहीतरी बोलतो. निबंध कसा तपासावा हे अध्यापक विद्यालयात आपणांस शिकविलेले असते. छायाचित्र कसे तपासावे हे कोणी शिकविलेले नाही. म्हणून बहुधा 'छान आहे' किंवा 'नीट आले नाही' ह्या दोन शेऱ्यांवर आपले काम भागते. पहिल्या शेऱ्याने मूल काही शिकत नाही. दुसऱ्याने काय होते, ते मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

मी शहापूर तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत होतो. एप्रिल महिना चालू होता. तानसा, वैतरणा व भातसा ह्यांचे पाणी मुंबईस जाते आणि ह्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपणांस सांगावयास नको. पाचवीच्या मुलांस 'आमच्या पाड्याचे पाणी' ह्या विषयावर एकेक छायाचित्र काढून आणावयास सांगितले होते. एका मुलीने वडिलांचा फोन आणला. चित्रात जमिनीवर ओळीने मांडलेले हंडे, कळशा आणि प्लॅस्टिकचे ड्रम होते. वरच्या कोपऱ्यात विहिरीचा कठडा अर्धवट कापला गेला होता. माणूस एकही नव्हता. मी क्षणभर पाहिले आणि म्हणालो, "विहीर कापली गेली आहे, माणसेही नाहीत. हे पुसून टाक आणि उद्या नीट काढून आण." तिने माझ्यासमोरच ते पुसले.

मधल्या सुट्टीत तिच्याच पाड्यावरील एक मुलगा मजजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, ते हंडे म्हणजे नंबर हायेत." विहिरीस पाझर फार मंद होता. बाया पहाटे येऊन आपापला हंडा रांगेत ठेवीत आणि कामास निघून जात. पाणी साचले की रांगेप्रमाणे भरीत. म्हणजे मुलीने रांगेचेच चित्र काढले होते. माणसे नसणे हीच त्यातील मुख्य गोष्ट होती, आणि विहिरीपेक्षा हंडे अधिक दिसावेत हे तिने ठरवून केले होते. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि रांग मोडली. तिने नवे चित्र आणले. विहीर मधोमध, कठडा सरळ, बाजूस आई व मावशी ताठ उभ्या. त्यात एकही दोष काढता आला नसता, आणि पाण्याविषयी त्यातून काहीच कळत नव्हते. पुढे वर्षभर तिची सर्व चित्रे तशीच आली. माणसे ओळीने उभी, नजर समोर.

बहुतेक फोनांत पुसलेले चित्र काही दिवस, पुष्कळदा तीस दिवसांपर्यंत, निराळ्या कप्प्यात शिल्लक राहते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तोवर ती मुदत टळून गेली होती.

तेव्हापासून मुलाचे छायाचित्र हाती आले की पहिला प्रश्न मी एकच विचारतो: "तुला ह्यात काय दाखवावयाचे होते?" उत्तर मिळाल्यावाचून अभिप्राय देत नाही. चित्राचा हेतू कळल्याखेरीज त्याचा गुणदोष ठरत नाही. आसनगावाहून काढलेल्या माहुलीच्या चित्रात गड अस्पष्ट आहे, हा दोष की गुण? मुलास गडाचे वजीर, नवरा, नवरी हे सुळके दाखवावयाचे असतील तर दोष. पावसाळी सकाळ दाखवावयाची असेल तर तो दोष नव्हे.

पहिली एकदोन मिनिटे मूल गप्प राहील. आपण विचारतो ते रागावून विचारतो अशी त्याची समजूत असते. अशा वेळी आपणच जे दिसते ते सांगावे. चांगले-वाईट काही न म्हणता. "मला प्रथम हा निळा ड्रम दिसला. मग नजर ओळीने मागे गेली. वर काय आहे ते कळले नाही." असे सांगितले म्हणजे चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांस कोठून कोठे नेते ते मुलास समजते, आणि त्याला हवे होते तसे ते झाले की नाही हे त्याचे त्यालाच ताडून पाहता येते. माझ्या अनुभवाने निम्म्या चुका मुले येथेच स्वतः सांगतात.

त्यानंतर सुधारणा सुचवावी. ती एकच असावी आणि पुढच्या वेळी हाताने करता येईल अशी असावी. 'रचना सुधार' हे सांगणे व्यर्थ होय. 'दोन पावले डावीकडे सरक' हे उपयोगी. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौषी पौर्णिमेस भरणाऱ्या यात्रेतील बैलजोडीचे एक चित्र माझ्यापुढे आले. बैल देखणे, उजेड उत्तम. परंतु एका बैलाच्या वशिंडातून विजेचा खांब उगवलेला दिसत होता. काढणाऱ्या मुलाचे सारे लक्ष बैलांवर, खांब त्याने पाहिलाच नव्हता. त्यास मी इतकेच सांगितले की बटण दाबण्यापूर्वी चित्राच्या चारी कडांवरून आणि मागच्या बाजूवरून एकदा नजर फिरवावी. बाकी तीनचार गोष्टी सांगण्यासारख्या होत्या. त्या त्या दिवशी सांगितल्या नाहीत.

आता अभिप्राय देणाऱ्यास यंत्राचीही थोडी माहिती हवी. नाहीतर फोनाचा दोष मुलाच्या माथी बसतो. डोंगर डोळ्यांस केवढा तरी मोठा दिसतो आणि चित्रात टेकडीएवढा होतो, ही तक्रार आपल्या भागात नेहमीची आहे. फोनाचे मुख्य भिंग पुष्कळ रुंद प्रदेश चित्रात घेते, त्यामुळे लांबचे सर्व काही लहान होते. जवळ एखादे झाड, घर किंवा बैलगाडी ठेवली तर डोंगराच्या आकाराची कल्पना येते. दाराच्या उजेडापुढे बसलेल्या आजीचा चेहरा काळा येतो, कारण फोन पाठीमागच्या उजेडाशी जुळवून घेतो. पडद्यावर चेहऱ्यास बोट लावले की तो चेहऱ्याशी जुळवून घेतो. सर्व चित्रांवर धुके पसरल्यासारखे दिसत असेल तर प्रथम भिंगावरील बोटांचे तेल धोतराच्या किंवा पदराच्या मऊ कोपऱ्याने पुसावे. माळशेज घाटात पावसाळ्यात मात्र धुके खरेच असते. संध्याकाळच्या उजेडात चित्र हलले असेल तर हात स्थिर नव्हता एवढेच त्याचे कारण. कोपरे अंगाशी घट्ट धरावीत किंवा खांबास टेकावे.

आणखी एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र पाहून 'धूसर आहे' असा शेरा देऊ नये. पाठविताना चित्राचा आकार लहान केला जातो व बारकावे जातात. मूळ चित्र काढणाऱ्याच्या फोनावरच पाहावे, किंवा ते 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावे. उलट बाजूही ध्यानात असावी. अलीकडचे फोन एका चित्रासाठी अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतात व रात्र उजळ करून देतात. तेव्हा नुसत्या चकचकीतपणाबद्दल मुलाची पाठ थोपटण्याचे कारण नाही. त्याने कोठे उभे राहावयाचे ठरविले, कोणता क्षण निवडला, काय वगळले, एवढेच त्याचे स्वतःचे. अभिप्राय त्याविषयी असावा.

चित्रात माणसे असतील तर त्यांस विचारले होते काय, हे गुणदोषांच्या आधी पाहावे. वीटभट्टीवरील कातकरी कुटुंबाचे चित्र कितीही चांगले आले तरी त्या कुटुंबाची संमती नसेल तर ते वर्गात दाखवू नये. ते का दाखवीत नाही हे मुलास एकांतात सांगावे.

अभिप्राय घेणे हे देण्याहून कठीण आहे, आणि ते मुलांस शिकवावयाचे तर प्रथम आपण घ्यावयास हवा. मी महिन्यातून एकदा स्वतःचे एक छायाचित्र वर्गापुढे ठेवतो. पहिल्या वेळी भातसा धरणाच्या जलाशयाचे ठेवले होते. मला ते फार आवडले होते. चौथीतील एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, पाणी सांडंल." पाण्याची रेषा खरोखरच तिरपी होती. माझ्या तोंडावर आले होते की बोटीत उभा होतो, वारा होता. ते मी गिळले. कारण चित्र पाहणाऱ्यास वारा दिसत नाही. कारणे सांगत बसलो की पुढचा अभिप्राय मिळत नाही, हे मुलांच्या चेहऱ्यांवरून कळते. मी फळ्यावर लिहिले: 'रेषा तिरपी'. मग विचारले, "ती सरळ कशी येईल?" फोनात पडद्यावर आडव्याउभ्या रेषा आणण्याची सोय असते, ती एका मुलीस ठाऊक होती, मला नव्हती.

प्रत्येक अभिप्राय मानलाच पाहिजे असे मात्र नाही, आणि हेही मुलांस कळावे. हंडेवाल्या मुलीने त्या दिवशी "गुरुजी, माणसे नाहीत तेच दाखवायचे आहे" असे म्हटले असते तर चूक माझी ठरली असती आणि चित्र वाचले असते. ऐकून घ्यावे, विचार करावा, पटले नाही तर कारण सांगून नाकारावे. गुरुजींचे म्हणणे नाकारावयास मुलांस धैर्य लागते. ते त्यांच्या अंगी येईपर्यंत 'पुसून टाक' हा शब्द शिक्षकाने तोंडातून काढूच नये. दुसरे चित्र काढावयास सांगावे. पहिले राहू द्यावे. दोन्ही शेजारी ठेवली म्हणजे सुधारणा झाली की बिघाड, हे सर्वांस दिसते. सूक्ष्म अध्यापनात आपण पाठ घेत असू, त्यावर प्रत्याभरण मिळे आणि तोच पाठ पुन्हा घेत असू. तोच क्रम येथे आहे. दुसरा पाठ घेतला म्हणून पहिल्या पाठाचे टाचण कोणी फाडीत नसे.

हौशी माणसांनी एकमेकांची चित्रे पाहून बोलावे ही चाल आपल्या प्रांतात नवी नाही. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. त्या काळी एकेका चित्रामागे रसायने, काच किंवा कागद आणि कित्येक तासांची मेहनत असे. आज बोट लावले की चित्र होते, बोट लावले की जाते.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये सुरू झाले तेव्हापासून वर्णनात्मक नोंदी आपण लिहीत आलो आहोत. 'छायाचित्रे चांगली काढतो' ही नोंद कोणत्याही मुलाच्या नावापुढे चालेल, म्हणून ती कोणाचीच नव्हे. 'पाण्याच्या रांगेचे चित्र काढताना माणसांऐवजी हंडे निवडले. कारण विचारल्यावर सांगू शकली' अशी नोंद एकाच मुलीची होऊ शकते. त्या मुलीच्या नावापुढे मी त्या वर्षी 'सूचनेप्रमाणे काम करते' असे लिहिले होते.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येकाने आपण स्वतः काढलेले एक छायाचित्र आणावे, फोन बदलण्यापूर्वीचे जुने असले तरी चालेल. ते शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या हाती द्यावे आणि तो बोलत असेतोवर स्वतः काही बोलू नये.